खुर्चीपासून आहारतक्त्यापर्यंत : रत्नागिरीतील एका लठ्ठपणा उपचार विभागाचे परीक्षण

रत्नागिरी शहरातील एका खासगी रुग्णालयात लठ्ठपणा आणि त्यातून उद्भवणाऱ्या विकारांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. माझी धाकटी जाऊ गेल्या पावसाळ्यापासून तेथे उपचार घेत आहे आणि बहुतेक वेळा मी तिच्यासोबत असते. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. येथे वापरलेले निकष वाचकांनी चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, अलिबाग अशा आपापल्या गावच्या कोणत्याही दवाखान्याला लावून पाहावेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे वैद्यकीय बाबी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे लिहिल्या आहेत, आणि सेवेविषयी जे लिहिले आहे ते समक्ष पाहिलेले आहे.

लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या विभागाची परीक्षा डॉक्टरांच्या खोलीत शिरण्यापूर्वीच सुरू होते, असे माझे मत आहे. बहुतेक दवाखान्यांत बसायला हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. ज्या बाईच्या कमरेला त्या खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी रुततात, तिला उठताना खुर्चीही सोबत उठेल की काय अशी धास्ती असते, आणि मग ती पाय दुखत असतानाही भिंतीला टेकून उभी राहते. या विभागात रुंद, बिनहाती, पक्की लाकडी बाके आहेत. तपासणीचा पलंग ठेंगणा आहे, त्यावर चढायला पायरी आहे आणि धरायला भिंतीत दांडा बसवलेला आहे. वजनकाटा बाहेर सर्वांदेखत ठेवलेला नसून आतल्या लहान खोलीत आहे, परिचारिका आधी दार लोटते, मग "आज वजन घेतलं तर चालेल ना?" असे विचारते आणि आकडा मोठ्याने न उच्चारता कार्डावर लिहिते. आरोग्य शिबिरांत टेबलामागून "पुढचं लिही, ब्याण्णव!" अशी हाक येते आणि मागची सारी रांग मान उंचावून पाहते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना या लोटलेल्या दाराची किंमत सांगावी लागणार नाही.

रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याकडे मी विशेष लक्ष दिले, कारण त्यात केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला, तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो अशांना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा रक्तदाब सरासरी १९.५ अंकांनी अधिक दिसला. म्हणजे ज्याचा रक्तदाब १२५ आहे, त्याच्या हाती १४५ चा कागद पडू शकतो आणि नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. या विभागात तीन मापांचे पट्टे खुंटीला टांगलेले आहेत. परिचारिका आधी दंडाचा घेर टेपने मोजते आणि मग त्यातला एक निवडते. आमच्या बाबतीत असे झाले की अन्यत्र सतत "जास्त" म्हणून सांगितला गेलेला रक्तदाब मोठ्या पट्ट्याने मोजल्यावर बराच खाली आला. औषध लगेच बंद केले नाही. घरी मोजून नोंदी आणायला सांगितल्या आणि त्या पाहूनच पुढचा निर्णय घेतला. ही पद्धत मला फार योग्य वाटली.

इतक्या बारीकसारीक गोष्टींवर एवढे का लिहावे, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण असे की लठ्ठ माणसाला मिळणारी वागणूक हा त्याच्या आजाराचाच एक घटक आहे, हे आता संशोधनातून पुरेसे पुढे आले आहे. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी चार वर्षांच्या अंतराने तपासणाऱ्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. त्याच संशोधकांच्या २०१५ मधील अभ्यासात, अशा भेदभावाचा संबंध मृत्यूच्या जवळजवळ ६० टक्के वाढलेल्या जोखमीशी दिसून आला. "तोंडावर बोललं म्हणजे माणूस सुधारतो" हा आपल्याकडचा दृढ समज या आकड्यांपुढे टिकत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी मनातले नकळत पूर्वग्रह मोजणाऱ्या, २००७ ते २०१६ या काळातील लाखो चाचण्यांचे विश्लेषण केले, तेव्हा वंश आणि लैंगिकता यांविषयीचे सुप्त पूर्वग्रह कमी होत असताना शरीराच्या वजनाविषयीचा सुप्त पूर्वग्रह मात्र वाढलेला दिसला. पुढे २०२० साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात अनेक देशांतील तज्ज्ञांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून सांगितले की लठ्ठपणा म्हणजे आळस आणि खादाडपणा ही समजूत विज्ञानाला धरून नाही आणि या कलंकामुळे रुग्ण उपचारांपासून दूर राहतात.

दूर राहतात म्हणजे काय, ते मी घरातच पाहिले. जाऊबाईंचा उजवा गुडघा कित्येक वर्षे दुखत होता. ज्या दवाखान्यात ती पूर्वी जाई, तेथे गुडघ्याला हात न लावता "आधी वजन कमी करून या" एवढेच ऐकायला मिळे. कसे कमी करायचे, किती करायचे, तोवर दुखण्याचे काय करायचे, यांपैकी काहीही नाही. मग तिने जाणेच सोडले. जांभ्याच्या पायऱ्या चढताना ती कठड्याला धरून थांबायची आणि कोणी पाहिले तर आंब्याच्या झाडाकडे बघत असल्यासारखे करायची. गणपतीत मुंबईहून आलेला प्रत्येक जण दारातच "काय वहिनी, सुटलात!" असे म्हणतो आणि ते प्रेमानेच म्हणतो, पण त्या दिवसांत ती स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाली होती. नव्या विभागातल्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून दोन्ही गुडघे वाकवून पाहिले, हाताखाली कुरकुर होते का ते तपासले, आणि मगच वजनाचा विषय काढला. तो काढतानाही उपदेश न करता हिशेब सांगितला : गुडघ्याच्या संधिवातावरील २००५ मधील एका अभ्यासानुसार शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. परतताना एसटीत ती म्हणाली, "वहिनी, पाच किलो उतरले तर वीस किलो की हो!" वजन या विषयावर तिला उमेदीने बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

निदानाच्या बाबतीत हा विभाग अद्ययावत आहे. केवळ उंची-वजनाच्या गुणोत्तरावर, म्हणजे बीएमआयवर, येथे थांबत नाहीत. हे गुणोत्तर बेल्जियमच्या आदॉल्फ केतले या खगोल-संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ साली अँसेल कीज यांनी दिले. एकेका माणसाच्या शरीरात चरबी किती आणि कोठे आहे, हे त्यावरून कळत नाही. आपल्या लोकांबाबत तर ही उणीव अधिकच जाणवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून दाखवून दिले होते की दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ असला, तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरवलेल्या निकषांत बीएमआय २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला. नुसत्या काट्यावर विसंबणारा दवाखाना यांतल्या कितीतरी जणांना "तुम्हाला काही झालेलं नाही" असे सांगून परत पाठवील.

डॉक्टरांनी कमरेचा घेर मोजला तो बरगड्यांची खालची कड आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, आणि पडद्याआड. नंतर त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञमंडळाने सुचवलेला भेद समजावून सांगितला : चरबी वाढलेली आहे पण अवयवांचे काम बिघडलेले नाही ती एक अवस्था, आणि चरबीमुळे गुडघे, यकृत, श्वास, हृदय यांचे काम बिघडू लागले आहे ती दुसरी. पहिलीत लक्ष ठेवायचे आणि जोखीम कमी करायची, दुसरीत आजार समजून उपचार करायचे. जाऊबाई दुसऱ्या गटात मोडतात, कारण गुडघे आणि यकृत दोन्हींवर परिणाम दिसतो आणि साखरही सीमारेषेवर आहे. एवढे स्पष्ट ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर भीती दिसेल असे मला वाटले होते, पण तिला हायसे वाटले. आपल्याला काहीतरी झाले आहे आणि ते आपल्या हावरटपणाचे फळ नाही, हे तिला कोणी अधिकारी माणसाने प्रथमच सांगितले होते.

इतिहास विचारण्यात डॉक्टरांनी भरपूर वेळ दिला. बाळंतपणे, पाळी, थायरॉइड, झोप, घरातल्यांचे आजार हे तर विचारलेच, पण त्याशिवाय "गुडघ्यासाठी कधी पुड्या घेतल्या होत्या का?" असेही विचारले. आमच्या भागात सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या देणारे वैदू बाजाराच्या दिवशी येतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, त्याने दुखणे झटकन थांबते आणि वजन, साखर, रक्तदाब तिन्ही वाढतात. शहरात शिकलेल्या डॉक्टरला हा प्रश्न सुचला, यावरून तो येथल्या लोकांना ओळखतो हे कळले.

मानेवरची काळसर, जाडसर, मखमलीसारखी दिसणारी त्वचाही त्यांनी पाहिली. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. येथे शिक्षिका म्हणून मला थांबावेसे वाटते. प्रत्येक वर्गात अशी मान असलेल्या एकदोन मुली असतात आणि त्यांना घरी, शाळेत, बसमध्ये "मान घासत जा" असे ऐकावे लागते. मी एका मुलीची मान दगडाने घासून सोललेली पाहिली आहे. तो मळ नसतो. त्या मुलीला साबणाची नव्हे, साखरेच्या तपासणीची गरज असते, आणि ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत सांगितली गेली पाहिजे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने याज्ञिक यांच्या पुण्यातील संशोधन गटाच्या सहकार्याने रत्नागिरी जिल्ह्यातील १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतलेला आहे. पुढच्या आयुष्यातील मधुमेहासारख्या विकारांची मुळे किशोरवयात आणि मातृत्वापूर्वी शोधण्याचा तो प्रयत्न आहे. कोकणातल्या मुलींच्या प्रकृतीचा असा पद्धतशीर विचार कोकणातच होतो आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आता आहारतक्त्याविषयी. पहिल्या दिवशी हाती पडलेला छापील कागद पाहून माझी निराशा झाली. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, भाजलेले चिकन, रात्री सूप. हा कागद कुठल्या तरी महानगरातल्या शाखेतून आलेला असावा. ज्या घरात सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी भात-कालवण आणि रात्री पुन्हा भात असतो, त्या घरात हा कागद फ्रिजवर चिकटवला जातो आणि तेथेच पिवळा पडतो. विभागाने हा कागद तातडीने बदलावा, अशी माझी स्पष्ट तक्रार आहे. सुदैवाने आहारतज्ज्ञ बाई मूळच्या मालवणकडच्या आहेत. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनाने लिहायला घेतले. तुमच्या घरात तेल कोणत्या भांड्यातून ओतता, भात वाढायला कोणता डाव आहे, नारळ किती जणांत एक फोडता, असे प्रश्न विचारून त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचा सगळा नकाशा काढला. पुढच्या भेटीत घरचा डाव आणि रोजची वाटी पिशवीत घालून आणायला लावली आणि त्या वाटीत भात भरून, टेबलावरच्या छोट्या काट्यावर त्यांनी तो तोलून दाखवला.

त्यांनी भात बंद केला नाही. एका वेळचा भात एका वाटीवर आणला, ताटातली भाजी आणि आमटी वाढवली, आणि कुळथाची पिठी, मूग, चवळी, वालाचे बिरडे यांना रोज जागा दिली. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे तेलकट असूनही हृदयाला हितकर आहेत, मात्र ते रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिखल्यात किंवा केळीच्या पानात शिजवावेत, असे सांगितले. नारळाला त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. प्रमाण ठरवून दिले आणि सोलकढी दाट दुधाची न करता पातळ करायला सांगितली. पावसाळ्याचा विचार त्यांनी केला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळत नाही आणि घरोघरी सुका बांगडा, सोडे, सुकट यांच्यावर भर असतो. सुक्या मासळीत मीठ फार, आणि रक्तदाब असलेल्याला ते बाधते. त्या दोन महिन्यांसाठी त्यांनी वेगळा आराखडा दिला : सुके मासे आठवड्यातून एकदाच, तेही भिजवून पहिले पाणी ओतून टाकून, आणि एरवी अंडी व कडधान्ये. गणपतीच्या दिवसांसाठी "दोन उकडीचे मोदक खा, तूप घालून खा, आणि त्या दिवशी उपाशी राहू नका" असे त्यांनी बजावले. सणाला ताटावर बसलेल्या माणसाला अपराधी वाटू न देणे, हाही उपचारच आहे.

उद्दिष्ट ठरवतानाही विभागाने संयम दाखवला. तक्त्यातले "आदर्श वजन" गाठण्याऐवजी सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के घट हे पहिले लक्ष्य ठेवले. त्यामागे आधार आहे. अमेरिकेतील २००२ च्या मधुमेह प्रतिबंधक चाचणीत सात टक्के वजनघट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते, भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या चाचणीत आहार-व्यायामातील बदलांनी ते २८.५ टक्क्यांनी घटले. व्यायामाच्या बाबतीत मात्र सल्ला अपुरा वाटला. "रोज अर्धा तास चाला" असे लिहून दिले आहे, पण दुखऱ्या गुडघ्याच्या बाईने कोठे चालावे? गावातला रस्ता चढ-उताराचा, कडेला पदपथ नाही, डंपर भरधाव जातात, आणि जाड बाई चालायला निघाली की नाक्यावरची मुले काय बोलतात ते तिला ऐकू येते. फिजिओथेरपिस्टने खुर्चीत बसून मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम शिकवले तेव्हा ही अडचण काहीशी सुटली. आता आम्ही शाळेचे मैदान सायंकाळी गावातल्या बायकांसाठी उघडे ठेवतो.

वजन उतरते आणि पुन्हा चढते, यावर या विभागात रुग्णाला दोष दिला जात नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की आहाराने वजन घटवल्यावर भूक वाढवणाऱ्या आणि तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांतील बदल एक वर्षानंतरही टिकून असतात. शरीर जणू हरवलेले वजन परत मागत राहते. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतील चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत असल्याचे आढळले. मध्यंतरी दोन किलो परत वाढले तेव्हा जाऊबाई रडवेल्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी हीच गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली आणि रागावण्याऐवजी झोपेची व कामाच्या वेळांची चौकशी केली. काजूचा हंगाम होता, ती पहाटे चारला उठत होती. कारण तेथे सापडले.

वजन घटवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनांविषयी आता सर्वत्र कुतूहल आहे. विभागाने ती आमच्यावर लादली नाहीत आणि माहितीही दडवली नाही. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, आणि टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के वजन घटले. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ रुग्णांच्या २०२३ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केले. मात्र मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत येते. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती आणि महिन्याला चार कुप्या लागत. काजू सोलणाऱ्या बाईच्या महिन्याच्या मजुरीहून ही रक्कम मोठी होती. "परवडत असेल आणि बराच काळ चालू ठेवता येत असेल तरच सुरू करू, मध्येच सोडण्यात अर्थ नाही," असे डॉक्टरांनी पैशांचा विषय न टाळता सांगितले. आम्ही तूर्त ते घेतलेले नाही, आणि त्यामुळे त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया येथे होत नाही. गरज असलेल्यांना कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवतात. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० पासून, किंवा ३५ पासून गंभीर सहविकार असल्यास, वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात बसू शकतो, ही माहिती देणारा कर्मचारी मात्र विभागात आहे आणि तो कागदपत्रे भरायला मदत करतो.

आता उणिवा. आहारतक्त्याची सांगितलीच. दुसरी उणीव भिंतीवर आहे. प्रतीक्षाकक्षात एका बाजूला "आधी" आणि "नंतर" अशी रुग्णांची मोठी छायाचित्रे लावली आहेत, आणि "आधी"च्या चित्रांतली माणसे खाली मान घालून उभी आहेत. ज्या विभागात वजन घेताना दार लोटले जाते, त्याच विभागात बाकावर बसलेल्या रुग्णाला समोरच्या भिंतीवर स्वतःची अशी ओळख दिसावी, हे विसंगत आहे. मी हे सूचनापेटीत लिहून दिले आणि डॉक्टरांनाही सांगितले; त्यांनी मान्य केले, पण हे लिहीपर्यंत छायाचित्रे तेथेच आहेत. तिसरी, तळमजल्यावरच्या औषध दुकानात वजन घटवण्याच्या पावडरीचे डबे दर्शनी ठेवले आहेत. वरचे डॉक्टर त्यांची गरज नाही म्हणतात आणि खालचा विक्रेता "सोबत हेही घ्या" म्हणतो. रुग्णालयाच्या आवारात असे दोन आवाज असू नयेत.

चौथी उणीव सर्वांत गंभीर आहे. जाऊबाई जोराने घोरतात आणि दिवसा डुलकी लागते, म्हणून झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असावा असा संशय डॉक्टरांनी प्रश्नावलीवरून व्यक्त केला. पण रात्रभर झोपवून करायची तपासणी येथे नाही. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, सोबतीला माणूस लागतो, मुक्काम पडतो आणि मजुरी बुडते. हा विकार उपचाराविना राहिला तर रक्तदाब आटोक्यात ठेवणे अवघड होते. घरी नेऊन बोटाला आणि छातीला लावायची लहान यंत्रे उपलब्ध आहेत. विभागाने तसे एखादे आणून भाड्याने दिले, तर दक्षिण रत्नागिरीतल्या पुष्कळ कुटुंबांची फरफट वाचेल. मानसोपचारतज्ज्ञही ठरावीक दिवशीच येतात आणि त्या दिवशी गर्दी इतकी असते की वर्षानुवर्षे टोमणे ऐकलेल्या माणसाला मन मोकळे करायला अवधीच मिळत नाही.

तरीही नात्यातल्या कोणालाही मी हा विभाग निःशंकपणे सुचवीन. जाणाऱ्यांनी जुने सगळे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी सोबत न्याव्यात. सकाळच्या पहिल्या एसटीने गेल्यास रक्त उपाशीपोटी देता येते आणि दुपारपर्यंत अहवाल हाती येतो. आहारतज्ज्ञ बाईंकडे जाताना घरचा डाव आणि वाटी नक्की न्यावी. छापील कागद दिला तर तो उलटा करून मागील बाजूस आपल्या घरचे जेवण लिहून द्या, असे त्यांना सांगावे. त्या आनंदाने लिहून देतात.